वेशीवरचं पाणी

मुरली त्या पुलाकडे पाठ करून बसला होता. जो पूल बघायला जगभरातून माणसं येतात, त्याच्या पायथ्याशी दगडी बाकावर बसून तो समोरच्या हॉटेलच्या काचेकडे बघत होता. आणि त्या काचेमागे डुकराची अख्खी पिल्लं भाजून ओळीनं मांडून ठेवलेली होती.

"मुरली, इकडे तोंड कर," मी म्हणाले. "त्या डुकरांपेक्षा पूल बरा."

"मला असंच बरं वाटतंय."

"तुला? चातुर्मासात शेजारच्या कांद्याच्या फोडणीनंसुद्धा दुकानातून उठून जाणाऱ्याला?"

नवे बूट चावत होते म्हणून त्यानं ते काढले, मोजे काढून त्यात कोंबले आणि उघडे पाय दगडावर टेकवून बसला. त्याच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात तांब्याचं ताम्हण, तांब्या, हळदकुंकवाचा करंडा आणि सुपाऱ्या. ताम्हण त्याच्याच दुकानातलं. सिन्नरहून निघताना त्यानं ते चिंचेनं लख्ख घासून घेतलं होतं, आणि आता मात्र पिशवीचं तोंड घट्ट धरून बसला होता.

मुरली माझा धाकटा भाऊ. आमचं सिन्नरला वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, वेळेपासून भांड्यांचं दुकान. त्याची एकुलती एक मुलगी ऋजुता जुन्या दगडी इमारतींची डागडुजी कशी करतात ते शिकायला स्पेनला गेली आणि तिथं, या सेगोव्हिया नावाच्या गावात, तिच्याबरोबर शिकणाऱ्या आल्वारोशी लग्न करायचं ठरवून बसली. वहिनी तेव्हा हयात नव्हती. ऋजूनं आधी मला सांगितलं, मी मुरलीला सांगितलं, आणि मुरलीनं जेवणाचं ताट सरकवलं. त्यानंतर वर्षभर तो मुलीशी फोनवर फक्त हवापाण्याबद्दल बोलत होता. आल्वारोचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही. घ्यायचंच झालं तर "तो मुलगा."

मी त्याला अक्षरशः ओढत विमानात बसवलं होतं. लग्न दुसऱ्या दिवशी होतं. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन करायचं, हा ऋजूचा हट्ट. आपल्याकडे नवरदेव वऱ्हाड घेऊन मुलीच्या गावी येतो, तेव्हा मुलीचे आईवडील त्याला वेशीवर गाठतात, त्याचे पाय धुतात, पूजा करतात आणि मग मानानं गावात नेतात. बाबांना सगळं आपल्या पद्धतीनं झालं की बरं वाटेल, असं त्या पोरीला वाटलं होतं.

आणि बाबा चौकात येऊन डुकरं बघत बसले होते.

"सहा वाजता येतील ते," मी म्हणाले. "ऊठ. ताम्हण मांडू."

"कुठे मांडणार? वेस कुठाय?"

"म्हणजे?"

"सीमांतपूजन मुलीच्या गावच्या वेशीवर होतं, अक्का. हे त्या मुलाचं गाव. इथं आपली वेस कुठली? आणि वेस नाही तर पूजन कसलं?"

नाचता येईना अंगण वाकडं. मी त्याची मान धरून मागे वळवली.

"एवढी मोठी वेस उभी आहे आणि तुला दिसत नाही?"

वर बघताना मलाच चक्कर आल्यासारखं झालं. कमानीवर कमानी, दोन मजली, आपल्याकडच्या सातआठ मजली इमारतीएवढ्या उंच, चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुढे घरांवरून थेट दिसेनाशा होईपर्यंत गेलेल्या. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी डोंगरातलं पाणी गावात आणायला बांधलेला हा पूल. माणसांनी चालायचा नव्हे, पाण्यानं चालायचा. त्याच्या अलीकडे बसथांबा आणि आम्ही उतरलो होतो ते लॉज. पलीकडे चढावर जुनं गाव, त्यात आल्वारोच्या आजीचं घर.

"अलीकडचं आपलं, पलीकडचं त्यांचं," मी वाटणी करून टाकली. "तो त्या कमानीतून येईल, आपण या बाजूला उभे राहू. झाली वेस."

मुरलीनं नाइलाजानं पूल खालपासून वरपर्यंत बघितला. भांडं घेताना गिऱ्हाईक पोचा शोधतं ना, तसा.

"पाणी येतं का यातून?"

"आता नाही येत."

"मग आपल्यासारखंच की. आपल्या कॉलनीची टाकी बांधून किती वर्षं झाली, पाण्याचा पत्ता नाही."

एवढ्यात ऋजू आली. निळी साडी, वर स्वेटर, हातात फुलांची पुडी. सप्टेंबर संपत आला होता आणि ऊन उतरल्यावर तिथं आपल्याकडच्या पौषासारखं गार वाजायचं. वडिलांना पुलाकडे बघताना पाहून ती हरखली.

"बाबा, चुना नाहीये यात, माहितेय? दगडावर दगड नुसते रचलेत."

"मग आपलं गोंदेश्वराचं देऊळ कसं आहे?" मुरली फुरंगटून म्हणाला. "त्यात कुठाय चुना?"

"तेच तर! मी इथं वर्गात पहिल्या दिवशी गोंदेश्वराचेच फोटो दाखवले. आणि लोक म्हणतात, हा पूल एका रात्रीत बांधलाय. सैतानानं."

"आपल्याकडे पांडवांनी बांधलेलं असतं," मी म्हणाले. "एका रात्रीतच."

"इथली गोष्ट ऐक ना, आत्या. एक मुलगी रोज डोंगरावरून पाण्याच्या घागरी आणायची. दमली बिचारी. म्हणाली, माझा जीव घ्या पण पाणी दारात आणा. सैतान म्हणाला, कबूल, उजाडायच्या आत बांधतो. एक दगड राहिला आणि सूर्य उगवला. मुलगी सुटली."

"आपल्याकडे कोंबडा आरवतो," मुरली म्हणाला. पण मग थोडं थांबून त्यानं विचारलं, "तिच्या बापानं काय केलं?"

"कुणाच्या?"

"त्या मुलीच्या. ती जीव द्यायला निघाली तेव्हा बाप कुठं होता?"

ऋजूनं माझ्याकडे बघितलं. गोष्टीत बापच नव्हता. तिनं फुलांची पुडी बाकावर ठेवली आणि वडिलांच्या उघड्या पायांशेजारी उकिडवी बसली.

"बाबा, खरं सांगा. तुम्हाला आल्वारो आवडत नाही का?"

"तसं काही नाही."

"तो परदेशी आहे म्हणून?"

"नाही म्हटलं ना."

"मग तुम्ही त्याच्याकडे बघत का नाही? काल विमानतळावर त्यानं वाकून नमस्कार केला तर तुम्ही बॅगा मोजायला लागलात." तिचा आवाज फाटला. "तुमच्या मनात नसेल तर उद्या माझ्या शेजारी उभं राहू नका. नुसतं पाहुण्यासारखं येऊन जेवून गेलात तर मला ते सहन होणार नाही. त्यापेक्षा येऊच नका."

ती उठली आणि कमानीखालून पलीकडे निघून गेली, आल्वारोला आणायला. खरं म्हणजे रडायला. एवढा वेळ मी चेष्टेवारी नेत होते, पण आता माझं डोकं फिरलं.

"मुरल्या, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. पोरगी हातची जाईल. काय आहे तुझ्या पोटात ते मला सांग आणि मोकळा हो."

त्यानं पिशवीवरूनच ताम्हणाच्या कडेवर अंगठा फिरवला.

"तुझं सीमांतपूजन आठवतं?" त्यानं विचारलं.

"मला कसं आठवणार? मी घरी होते. नवरी वेशीवर जाते का?"

"पण मी घरी आलो होतो. बंबातलं पाणी न्यायला. ते आठवतं?"

ते मात्र लख्ख आठवलं. माघातली थंडी. मी हळदीच्या अंगानं मागच्या पडवीत बसलेली, आणि मुरली सायकलवरून बादली घेऊन धापा टाकत आलेला. एकदा, मग परत एकदा, मग परत. तिसऱ्यांदा मी त्याला म्हणाले होते, "काय रे, जावई वेशीवर आंघोळ करतोय की काय?" आणि सगळ्या बायका खळखळून हसल्या होत्या. तो मात्र न हसता बंबाची तोटी सोडून खाली बघत उभा होता.

"पहिल्यांदा तुझा चुलतसासरा म्हणाला, पाणी गार आहे, जावयाला गारठवून मारता का," मुरली म्हणाला. "मी गरम आणलं, तर पोळतंय म्हणाले. विसण घातलं तर म्हणे आता गार झालं, दुसरं आणा. तेवढा वेळ अण्णा मारुतीच्या देवळापुढे पाटाशेजारी गुडघ्यांवर बसून होते. अख्खं वऱ्हाड हसत होतं. गंमत चालली होती त्यांची. तुझा नवरा पाय पुढे करून बसला होता. एकदासुद्धा म्हणाला नाही की पुरे."

मी त्याच्या शेजारी बाकावर टेकले.

"घरी येताना अण्णा मला म्हणाले, अक्काला कळू देऊ नकोस. नाही सांगितलं. आणि चार वर्षांनी तू ट्रंक घेऊन परत आलीस, तेव्हा अण्णा म्हणाले, मला त्या दिवशीच कळलं होतं, पाय धुतानाच कळलं होतं, तिथंच उठायला हवं होतं." त्यानं नाक ओढलं. "तेव्हा मी कानाला खडा लावला. माझ्या मुलीच्या लग्नात मी कुणाचे पाय धुणार नाही. मुलगा सिन्नरचा असो नाहीतर स्पेनचा. ऋजूनं फोनवर सीमांतपूजन म्हटलं आणि मला तो पाट दिसला. पोरीला कसं सांगू? तुझ्या आत्याचं असं झालं म्हणून सांगू?"

इतकी वर्षं एका घरात राहून, एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून आम्ही जेवत होतो. माझ्यासाठी हा माणूस एवढं गिळून बसलेला, आणि मी त्याला वर्षभर जुनाट डोक्याचा म्हणत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आता त्याला ऊठ म्हणायची माझी छाती नव्हती.

"राहू दे," मी म्हणाले. "ऋजूला मी समजावते."

पण तोवर ते कमानीखालून येताना दिसले.

पुढे आल्वारो, उंच, दाढीवाला, ऋजूनं शिवून घेतलेला झब्बा स्वेटरवरून चढवलेला. मागे डोळे पुसलेली ऋजू. आणि दोघांच्या मध्ये आल्वारोची आजी, फेलिसा. त्याचे आईवडील दुसऱ्या दिवशी माद्रिदहून यायचे होते. त्याला लहानाचा मोठा केला तो या आजीनं. काळा कोट, हातात काठी, आणि काखेत पांढऱ्या कल्हईसारख्या रंगाचं एक मोठं घमेलं. आल्वारोच्या हातात स्टीलचा थर्मास.

"हे घमेलं कशाला?" मी ऋजूला विचारलं.

"काय माहीत. आजी घेतल्याशिवाय निघेनाच. मी त्यांना काल सगळं समजावलं होतं की वेशीवर पाहुण्याचे पाय धुवायचे असतात म्हणून."

फेलिसाआजी सरळ बाकापाशी आली. मुरली उभा राहायच्या बेतात होता, तिनं त्याला हातानंच खाली बसवलं. त्याच्या उघड्या पायांकडे बघून ती समाधानानं काहीतरी बोलली.

"काय म्हणतात?" मुरलीनं घाबरून विचारलं.

"म्हणतात, बरं झालं, तुम्ही तयारच बसलात," ऋजू म्हणाली, आणि मग तिच्याही लक्षात आलं. "अगं बाई!"

आल्वारोच्या खांद्याचा आधार घेत म्हातारी एक गुडघा टेकून, मग दुसरा टेकून खाली बसली. घमेलं तिनं मुरलीच्या पायांपुढे सरकवलं.

"अहो! अहो, हे काय!" मुरलीनं पाय वर बाकावर ओढून घेतले. "आजी, उठा! अक्का, सांग ना त्यांना, मुलाकडच्या माणसांनी पाय धुवायचे नसतात! उलटं असतं! ऋजू, सांग!"

ऋजूनं सांगितलं. आजीनं डोकं कलतं करून ऐकलं आणि एक प्रश्न विचारला.

"त्या विचारतात, लांबून कोण आलंय?"

"आम्ही," मुरली म्हणाला.

"आणि गाव कुणाचं आहे?"

"त्यांचं."

"मग पाय कुणाचे दमले?"

मुरलीनं माझ्याकडे बघितलं. शास्त्राला धरून बोलत होती बाई.

"त्यांच्याकडे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी चर्चमध्ये पाद्री गावकऱ्यांचे पाय धुतात," ऋजू हळू आवाजात म्हणाली. "मी पाहुण्याचे पाय म्हटलं, त्यात त्यांना नवल वाटलंच नाही. मला वाटलं कळलं त्यांना. चूक माझीच आहे, बाबा."

"मुरली," मी म्हणाले, "म्हातारी दगडावर गुडघे टेकून बसली आहे. पाय खाली घे."

त्यानं पाय खाली घेतले. आजीनं थर्मासचं झाकण उघडलं, घमेल्यात पाणी ओतलं. वाफ निघाली. तिनं कोटाची बाही वर सारली, पाण्यात हात घालून बघितलं, मग आल्वारोकडून बाटली मागून त्यात थोडं गार पाणी घातलं, परत हात घालून बघितलं, आणि मग त्याचा एक पाय दोन्ही हातांनी उचलून पाण्यात ठेवला. बुटानं टाच सोलवटली होती, तिथून तिनं अलगद हात फिरवला. पर्यटकांपैकी दोघंतिघं थांबून बघत होते. हसलं कुणीच नाही.

मुरली खाली मान घालून बसला होता. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"अक्का," तो म्हणाला, "पाणी कोमट आहे गं."

मला रडू फुटलं. भर चौकात, परक्या गावात, पदर तोंडाला लावून मी लहान मुलीसारखी रडले. ऋजूला काही समजलं नाही. ती बिचारी घाबरून माझ्याकडे आणि वडिलांकडे आळीपाळीनं बघत राहिली.

आजीनं खिशातून टॉवेल काढून त्याचे पाय पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग आल्वारोनं तिला उठवलं आणि बाकावर बसवलं. आता मुरली उठला. तसाच अनवाणी. त्यानं पिशवीतून ताम्हण काढलं, बाकापुढे ठेवलं, आणि आजीशेजारची जागा दाखवून आल्वारोला म्हणाला, "बस."

त्याच्याशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द. आल्वारोला मराठीतला एकच शब्द येत होता, तो ऋजूनं शिकवलेला आणि तो कुठंही वापरायचा.

"छान," असं म्हणून तो बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"बाबा, नाही केलंत तरी चालेल," ऋजू म्हणाली. "खरंच. मी मघाशी रागानं बोलले."

"तू गप. फुलं काढ पुडीतून."

थर्मासमध्ये राहिलेलं पाणी त्यानं तांब्यात ओतलं. तांब्याच्या पोटाला हात लावला. मग आत बोट बुडवलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"थांबा," तो म्हणाला. "पाणी गार आहे."

एवढ्या वर्षांनी तेच शब्द, आणि तेही याच्या तोंडून. पण मुरली कुणाच्या तोंडाकडे बघायला थांबलाच नाही. तांब्या घेऊन अनवाणी पायांनी तो तरातरा चौक ओलांडून गेला, आणि थेट त्या हॉटेलात शिरला. भाजलेल्या पिल्लांच्या ओळीवरून, नाक न धरता, आत. काचेतून आम्हाला दिसत होतं: मुरली काउंटरवर तांब्या ठेवून हातवारे करतोय, वाफ निघते तशी बोटं हलवून दाखवतोय, पलीकडचा टकलू माणूस आधी कॉफी पुढे करतोय, मुरली मान हलवतोय, मग स्वतःचा पाय उचलून त्याला दाखवतोय.

"काय करताहेत बाबा?" ऋजू रडता रडता हसत होती.

"तुझ्या आजोबांचं राहिलेलं काम," मी म्हणाले. "सांगेन तुला. आज नको."

तो परत आला तेव्हा तांब्या रुमालात धरलेला होता आणि मागून तो टकलू माणूस ॲप्रनसकट गार पाण्याचा जग घेऊन येत होता. त्यानंही आमच्यात उभं राहायला जागा शोधली. मुरली गुडघ्यांवर बसला. त्यानं गार पाणी बेतानं मिसळलं आणि तान्ह्या मुलाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं कोपराला लावून बघितलं. मग तांब्या माझ्यापुढे धरला.

सीमांतपूजनात मुलीचा बाप पाय धुतो आणि आई पाणी घालते. वहिनी असती तर तिनं घातलं असतं. मी घरी परत आल्यापासून अशा कामात मला कुणी बोलावलं नव्हतं आणि मीही कधी पुढे झाले नव्हते. हळदीकुंकवाच्या दिवशी मी आपणहून स्वयंपाकघरात काम काढायची.

"मी?" मी म्हणाले.

"मग कोण? तूच घालायचंस. ये."

मी तांब्या घेतला. वर एवढा मोठा पाण्याचा पूल कोरडाठक्क उभा, आणि खाली आमचा हा तांब्याभर संसार. मी हळूच धार धरली. मुरलीनं त्या पोराचा पाय आपल्या हातात घेतला आणि मान वर करून पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"गार नाही ना?"

आल्वारोला काय कळलं कोण जाणे. "छान," तो म्हणाला.

"सगळ्यालाच छान म्हणतो हा," मुरली कुरकुरला. "ऋजू, सांग त्याला, जावई असला तरी माणसानं खरं सांगावं. गार असेल तर मी परत जाऊन आणतो."